गोंडोरचं सिंहासन ९६९ वर्षं रिकामं का राहिलं?

मिनास तिरिथच्या दरबारात दोन आसनं आहेत. दालनाच्या टोकाला, बऱ्याच पायऱ्या चढून जावं अशा उंचीवर एक सिंहासन आहे. त्यावर शिरस्त्राणाच्या आकाराचं संगमरवरी छत आहे आणि मागच्या भिंतीवर फुलांनी डवरलेलं झाड कोरून रत्नांनी मढवलेलं आहे. हे सिंहासन रिकामं आहे. खाली, सगळ्यात पहिल्या रुंद पायरीवर, काळ्या दगडाची खुर्ची आहे. तिला ना नक्षी, ना सोनं. तिच्यावर एक वृद्ध माणूस पांढरी काठी घेऊन बसला आहे आणि सगळं राज्य त्याच्या शब्दावर चालतंय. त्याच्या आधी त्याच्या घराण्यातले पंचवीस जण असेच खाली बसून राज्य करून गेले. वर चढायला त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. तरी एकही जण चढला नाही.

हे गोंडोर. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं माणसांचं सर्वांत मोठं राज्य. बहुतेकांना ते माहीत असतं मॉर्डोरचा दुष्ट सत्ताधीश सॉरॉन याच्याबरोबरच्या शेवटच्या लढाईमुळे. त्याआधीचा तीन हजार वर्षांचा इतिहास १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात आहे आणि तो वाचताना दमछाक होते. नावं एकसारखी, साल एकामागून एक, एका ओळीत एका राजाचं अख्खं आयुष्य. मला विचाराल तर या सगळ्या गुंत्याचं टोक एकाच प्रश्नात सापडतं: वारस कोण? सॉरॉनच्या फौजांनी गोंडोरचं जेवढं नुकसान केलं, त्याहून फार कमी या प्रश्नानं केलेलं नाही.

सालांबद्दल आधी एक खुलासा. टोल्किनच्या जगात युगं आहेत. गोंडोरची स्थापना दुसऱ्या युगाच्या ३३२० साली झाली, ते युग ३४४१ साली संपलं आणि पुढे तिसऱ्या युगाची मोजणी पुन्हा १ पासून सुरू झाली. खाली ज्या सालापुढे युग लिहिलेलं नाही, ते तिसऱ्या युगातलं समजावं.

नऊ जहाजं

पश्चिमेच्या समुद्रात नूमेनोर नावाचं बेट होतं. तिथली माणसं उंचीपुरी, विद्यावान आणि फार दीर्घायुषी. राजघराण्यातली तर दोन-दोनशे वर्षं सहज जगायची. शेवटच्या राजानं अमरत्वाच्या हव्यासापायी देवांच्या भूमीवर चढाई केली आणि अख्खं बेट समुद्रानं गिळलं. त्या राजाच्या वाटेला न गेलेले थोडे लोक नऊ जहाजांतून निसटले. त्यांचा म्होरक्या एलेंडिल, आणि त्याचे दोन मुलगे, इसिल्डूर आणि अनारिओन.

एलेंडिल उत्तरेला लागला. तिथे त्यानं आर्नोर वसवलं आणि दोन्ही राज्यांचा थोरला राजा तोच राहिला. मुलगे दक्षिणेला अंडुइन नदीच्या मुखातून आत शिरले आणि त्यांनी गोंडोर उभं केलं. गोंडोर म्हणजे दगडांचा देश. या लोकांचं दगडी बांधकाम पाहून पडलेलं नाव. नदीवर ओस्गिलिआथ ही राजधानी, पूर्वेच्या डोंगराशी इसिल्डूरचं मिनास इथिल, म्हणजे चंद्राचा मनोरा, आणि पश्चिमेला अनारिओनचं मिनास अनोर, म्हणजे सूर्याचा मनोरा. हेच मिनास अनोर पुढे मिनास तिरिथ झालं.

आता एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायची. ओस्गिलिआथच्या दरबारात दोघा भावांची सिंहासनं शेजारी शेजारी होती. दोघं मिळून राज्य करायचे. पुढे सॉरॉनविरुद्धच्या युद्धात अनारिओन आणि एलेंडिल दोघेही पडले, सॉरॉनचा पाडाव झाला आणि त्याची जादूची अंगठी इसिल्डूरच्या हाती आली. इसिल्डूरनं धाकट्या भावाच्या आठवणीसाठी मिनास अनोरमध्ये राजघराण्याचं चिन्ह असलेल्या पांढऱ्या झाडाचं रोप लावलं, पुतण्या मेनेल्डिलला दक्षिणेच्या राज्याची घडी शिकवली, ते त्याच्या हवाली केलं आणि स्वतः उत्तरेच्या गादीवर बसायला निघाला. सन २ मध्ये वाटेतच ऑर्क नावाच्या राक्षसी जमातीनं त्याला मारलं.

त्यानं पुतण्याला नेमकं काय दिलं? राज्यच दिलं, की थोरल्या गादीच्या वतीनं कारभार पाहायला सांगितलं? तेव्हा हा प्रश्न कुणालाच पडला नाही. दोन्ही घरं एका रक्ताची होती आणि मधे शेकडो मैलांचं अंतर होतं. पडला तो एकोणीसशे वर्षांनी.

भरभराटीचा काळ लवकर सांगून होतो. नवव्या शतकापासून ओळीनं चार दर्यावर्दी राजे झाले, त्यांनी आरमार बांधलं, दक्षिणेचं उंबार बंदर जिंकलं. त्यांतला शेवटचा हायारमेंडाकिल. नावातलं ‘डाकिल’ म्हणजे विजेता. हायारमेंडाकिल म्हणजे दक्षिणेचा विजेता, रोमेंडाकिल म्हणजे पूर्वेचा. या बिरुदांचा अर्थ कळला की यादी निम्मी सोपी होते. हायारमेंडाकिलनं १३४ वर्षं राज्य केलं आणि त्याच्या हयातीत गोंडोर सर्वांत विस्तारलेलं होतं. त्याचा मुलगा आटानाटार मात्र वैभवातच रमला. गोंडोरमध्ये हिरेमाणकं म्हणजे पोरांचे खेळायचे खडे, असं लोक म्हणत. जुन्या साध्या शिरस्त्राणाच्या जागी रत्नजडित मुकुट त्याच्याच काळात आला, आणि मॉर्डोरच्या सीमेवरचा पहाराही त्याच्याच काळात ढिला पडू लागला.

भाऊबंदकी

इंग्रजीत टोल्किननं या यादवीला जे नाव दिलंय, त्याला मराठीत अगदी तंतोतंत शब्द आहे: भाऊबंदकी. गोंडोरवरचं पहिलं मोठं संकट हेच, आणि ते बाहेरून आलेलं नव्हतं.

तेराव्या शतकात राज्याचा कारभार पाहणाऱ्या मिनाल्कारनं, जो पुढे रोमेंडाकिल दुसरा म्हणून गादीवर आला, उत्तरेकडच्या रोवानिओनमधल्या लोकांशी दोस्ती वाढवली. हे लोक नूमेनोरचे नव्हते, पण लढवय्ये आणि शब्दाचे पक्के होते. त्यांच्या विदुगाविया राजाकडे १२५० साली त्यानं आपला मुलगा वालाकार याला वकील म्हणून पाठवलं. वालाकारला तो देश आवडला, तिथली भाषा आवडली आणि राजाची मुलगी विदुमावी आवडली. त्यानं तिच्याशी लग्न केलं. १२५५ साली मुलगा झाला. आजोळच्या भाषेत त्याचं नाव विनिथार्या, गोंडोरच्या भाषेत एल्डाकार.

गोंडोरच्या बड्या घराण्यांना हे पचलं नाही. त्यांचा आक्षेप असा, की परक्या, अल्पायुषी माणसांचं रक्त मिसळलं की राजवंशाचं आयुष्य घटणार, तेज ओसरणार. वालाकार म्हातारा होत गेला तशी दक्षिणेकडे बंडाची भाषा सुरू झाली, आणि १४३२ साली एल्डाकार गादीवर येताच बंड पेटलं. पाच वर्षं तो लढला. अखेर ओस्गिलिआथला वेढा पडला, राजधानी जळाली, ताऱ्यांचा घुमट कोसळला आणि दूरचं दाखवणारा मोठा जादुई दगड नदीत गेला. एल्डाकार उत्तरेला आजोळी पळाला. त्याचा मुलगा ओर्नेंडिल पकडला गेला आणि त्याला ठार करण्यात आलं.

हे करणारा कास्टामिर आरमाराचा सरदार होता. राजघराण्यातलाच, रोमेंडाकिलच्या धाकट्या भावाचा नातू, म्हणजे नात्यानं घरचाच माणूस. बंदरांतले खलाशी त्याच्यामागे उभे राहिले. पण त्याला आरमारापलीकडे काही दिसत नव्हतं. जमिनीकडे, शेतकऱ्यांकडे त्यानं पाहिलं नाही, राजधानी समुद्राजवळ पेलार्गिरला हलवायचे बेत केले आणि वागला क्रूरपणे. दहा वर्षांनी, १४४७ साली, एल्डाकार फौज घेऊन परतला तेव्हा मधल्या प्रांतांतले लोक आपणहून त्याच्याकडे आले. एरुई नदीच्या उतारांवर लढाई झाली आणि एल्डाकारनं कास्टामिरला स्वतःच्या हातानं मारलं. कास्टामिरचे मुलगे आरमार घेऊन उंबारला गेले आणि ते बंदर गोंडोरच्या हातून सुटलं.

आता ज्या मुद्द्यावर एवढं रक्त सांडलं, त्याचं काय झालं पाहा. परक्या आईचा हा मुलगा किती जगला? २३५ वर्षं. मिश्र रक्तानं आयुष्य घटेल ही भीती निदान त्याच्या बाबतीत साफ खोटी ठरली. टोल्किननं हा आकडा कसलाही शेरा न मारता देऊन ठेवलाय. मला या साऱ्या परिशिष्टातली ती सर्वांत कठोर ओळ वाटते.

पुढची दोन शतकं या जखमेतून रक्त वाहत राहिलं. १६३४ साली कास्टामिरच्या पणतूंनी पेलार्गिरवर छापा घालून राजा मिनार्डिलला मारलं. दोनच वर्षांनी मोठी साथ आली. तिच्यात राजा टेलेम्नार, त्याची सगळी मुलं आणि पांढरं झाडही गेलं. पुतण्या टारोंडोरनं नवं रोप लावलं आणि १६४० साली राजवाडा मिनास अनोरला हलवला, कारण ओस्गिलिआथ ओस पडत चाललं होतं. मॉर्डोरवर नजर ठेवणारे किल्ले माणसांअभावी रिकामे झाले. तिथे पुन्हा कोण येऊन राहतंय, हे पाहायला कुणी उरलं नाही.

उत्तर न मिळालेलं पत्र

१९४४ साली पूर्वेच्या रथवाल्या टोळ्यांशी लढताना राजा ओंडोहेर आणि त्याचे दोन्ही मुलगे पडले. मागे राहिली मुलगी, फिरिएल. तिचा नवरा आर्वेडुई. उत्तरेच्या राज्याचा, म्हणजे तेव्हाच्या आर्थेडाइनचा युवराज, इसिल्डूरचा थेट वंशज. त्यानं गोंडोरच्या गादीवर हक्क सांगितला, तोही दोन बाजूंनी: आपण इसिल्डूरचे वारस, आणि आपली बायको शेवटच्या राजाची जिवंत असलेली एकुलती संतती.

गोंडोरच्या दरबारानं कळवलं की ही गादी अनारिओनच्या मुलाच्या, मेनेल्डिलच्या वंशाची आहे, आणि आमच्याकडे वारसा मुलाकडूनच चालतो.

आर्वेडुईनं केलेला युक्तिवाद आजही एखाद्या वकिलानं मन लावून वाचावा असा आहे. एलेंडिलला दोन मुलगे होते, थोरला इसिल्डूर. इसिल्डूरनं पुतण्याला दक्षिणेचा कारभार सोपवला, थोरलेपण सोडलं नव्हतं. आणि मुलाकडूनच वारसा म्हणाल, तर नूमेनोरचा कायदा तसा नव्हताच. तिथे राजदंड राजाच्या सर्वांत थोरल्या अपत्याकडे जायचा, मुलगा असो वा मुलगी, आणि राण्यांनी तिथे स्वतःच्या हक्कानं राज्य केलं होतं. सततच्या लढायांमुळे इकडे तो कायदा पाळला गेला नाही, एवढंच.

याला गोंडोरनं उत्तर दिलं नाही. कायद्यात तो हरला नव्हता. पण मधल्या काळात राज्य चालवणारा कारभारी पेलेंडूर त्याच्या विरोधात होता, आणि एआर्निल नावाचा राजघराण्यातला सेनापती नुकताच शत्रूला पाणी पाजून आला होता. १९४५ साली मुकुट त्याला मिळाला. एआर्निल समंजस होता. आर्वेडुईच्या कुळाबद्दल त्यानं शंका घेतली नाही आणि गरज पडेल तेव्हा मदत पाठवीन असं कळवलं. त्यानं आरमार पाठवलंही, पण ते पोचेपर्यंत उत्तरेचं राज्य बुडालं होतं आणि आर्वेडुईला १९७५ साली उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जलसमाधी मिळाली होती. त्याच्या मुलानं राजेपद सोडलं. त्याचे वंशज रानावनात भटकत राहिले, पण वंश बापाकडून मुलाकडे अखंड चालत राहिला.

ते आरमार घेऊन गेला होता एआर्निलचा मुलगा एआर्नूर. बाहूंत बळ, डोक्यात राग. शस्त्रांशिवाय त्याला कशाची आवड नव्हती आणि त्यानं लग्नही केलं नाही. उत्तरेच्या लढाईत अंगमारच्या जादूगार राजासमोर त्याचा घोडा उधळला आणि शत्रू हसला. ते हसणं त्याच्या मनातून गेलं नाही. २००२ साली त्याच शत्रूनं मिनास इथिल घेतलं. २०४३ साली एआर्नूर गादीवर येताच या शत्रूनं त्याला एकट्यानं लढायला यायचं आव्हान दिलं, तेव्हा कारभारी मार्डिलनं राजाला आवरलं. सात वर्षांनी, २०५० साली, आव्हान पुन्हा आलं. या वेळी तो थांबला नाही. थोडे स्वार बरोबर घेऊन शत्रूच्या दारात गेला आणि परत आला नाही.

एका पत्रात टोल्किननं गोंडोरच्या माणसांची तुलना प्राचीन इजिप्तच्या लोकांशी केली आहे: अवाढव्य बांधकामांची हौस, पूर्वजांचं आणि थडग्यांचं वेड. हे लोक पूर्वजांची नावं पाठ करत राहिले, आणि शेवटी पाळणाच हलायचा थांबला.

काठी आणि मुकुट

राजा मेल्याचा पुरावा नाही, मूल नाही. राजघराण्याशी नातं सांगणारी घरं तशी होती, पण ज्याला सगळे मान्य करतील असा एकही माणूस नव्हता. सहाशे वर्षांपूर्वी अशाच भांडणात राजधानी जळाली होती, ते कुणी विसरलं नव्हतं. आता मिनास इथिलमध्ये शत्रू बसलेला असताना पुन्हा तसं झालं तर राज्य संपणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून गोंडोरनं राजा निवडलाच नाही. मार्डिल राजाच्या नावानं कारभार पाहत राहिला. पद घेताना प्रत्येक कारभारी शपथ घ्यायचा की आपण राजा येईपर्यंतच हा भार वाहू. हातात राजदंडाऐवजी पांढरी काठी. निशाणावर काही नाही, नुसतं पांढरं कापड.

मराठी वाचकाला इथे पेशवे आठवणारच, आणि तुलना काही अंतर चालते: गादी एकाची, कारभार दुसऱ्याचा, कारभाऱ्याचं पद वंशपरंपरेचं. पण साताऱ्याला छत्रपती होते, पेशवाईची वस्त्रं तिथून यायची. मार्डिलच्या वंशजांना वस्त्रं देणारं कुणी नव्हतं. हळूहळू ती शपथ रिवाजापुरती उरली, कारण राजाची सगळी सत्ता त्यांच्याकडेच होती. राजा खरंच यावा असं त्यांतल्या किती जणांना वाटत होतं, याबद्दल मला शंका आहे. तरी पायरी कुणी ओलांडली नाही. शेवटचा सत्ताधारी कारभारी डेनेथोर. त्याचा मुलगा बोरोमिर यानं लहानपणी विचारलं होतं, कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतकं लागतात? बापानं सांगितलं, इतर ठिकाणी थोडी वर्षं पुरत असतील. गोंडोरमध्ये दहा हजार वर्षंही पुरणार नाहीत. उत्तरात अभिमान आहे, आणि मला वाटतं थोडी कडवट वेदनाही आहे.

या घराण्यानं राज्य राखलं, हे मान्य करायलाच हवं. २५१० साली टोळ्यांनी गोंडोरला घेरलं तेव्हा उत्तरेकडून एओर्ल नावाचा सरदार घोडदळ घेऊन अचानक मदतीला आला. कारभारी किरिओननं त्याला एक अख्खा प्रांत दिला. तेच रोहान. एओर्लचे पूर्वज आपला वंश रोवानिओनच्या राजांपर्यंत नेत आणि एल्डाकारच्या घराशी सोयरीक सांगत. ज्या आजोळच्या रक्तावरून गोंडोरमध्ये यादवी झाली, त्याच आजोळचे घोडेस्वार ३०१९ साली मार्चच्या एका पहाटे मिनास तिरिथ वाचवायला आले.

त्याच दिवशी नदीनं काळी जहाजं आली. सगळ्यांना वाटलं उंबारचे चाचे. पण वरच्या निशाणावर पांढरं झाड आणि सात तारे होते. आरागॉर्न, आर्वेडुईच्या वंशातला, भटक्यांचा सोळावा नायक. त्याचा दावा तोच होता जो १९४४ साली नाकारला गेला होता, आणि डेनेथोर तो आजही नाकारत होता. राज्य गमावून बसलेल्या फाटक्या घराण्यापुढे आपण वाकणार नाही, असं तो मरण्यापूर्वी म्हणाला. फरक पडला तो आरागॉर्नच्या वागण्यानं. लढाई जिंकूनही तो राजा म्हणून शहरात शिरला नाही, तंबू बाहेर ठोकला. भांडण नको, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. रात्री झगा पांघरून आला तो जखमींवर उपचार करायला. राजाच्या हाताला गुण असतो अशी तिथल्या बायाबापड्यांची जुनी समजूत होती. डेनेथोरचा धाकटा मुलगा फारामिर त्याच्या हातून शुद्धीवर आला आणि सकाळपर्यंत शहरभर कुजबूज झाली.

१ मे ३०१९. वेशीबाहेर माणसांची दाटी. रिवाजानं नव्या राजानं मुकुट बापाच्या हातून घ्यायचा, बाप गेला असेल तर एकट्यानं समाधीत जाऊन घ्यायचा. इथे दोन्ही शक्य नव्हतं. म्हणून फारामिरनं समाध्यांच्या गल्लीतून एआर्नूरचा मुकुट आणवला होता. बाप गेल्यावर कारभारी आता तोच होता. त्यानं आरागॉर्नची वंशावळ आणि कामगिरी मोठ्यानं सांगितली आणि लोकांना विचारलं, हा राजा व्हावा का, यानं शहरात येऊन राहावं का? हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न दरबारानं बंद दाराआड निकालात काढला होता. या वेळी तो वेशीवर, सगळ्यांसमोर विचारला गेला, आणि सगळ्यांनी एका आवाजात होकार दिला.

त्याआधी फारामिरनं गुडघे टेकून पांढरी काठी आरागॉर्नपुढे धरली होती. आपलं पद संपलं म्हणून. आरागॉर्ननं ती हातात घेतली आणि परत त्याच्याच हातात दिली. हे पद तुझंच, माझा वंश चालेल तोवर तुझ्या वारसांचंही, असं सांगून.